जुन्या तंबोऱ्याचें वय

सोलापुरांतील एखाद्या संगीतप्रेमी घरीं कोपऱ्यांत गवसणी घालून उभा असलेला तंबोरा पणजोबांच्या काळचा, मिरजेचा, खुद्द फरीदसाहेबांच्या हातचा, असें मोठ्या अभिमानानें सांगितलें जातें. गवसणी उतरली कीं तांबूस पॉलिश चकाकतें आणि पाहुणे माना डोलावतात. वास्तविक शंका घ्यावयाची ती याच चकाकीची.

मिरजेंत हा धंदा १८५० च्या सुमारास सुरू झाला. शस्त्रांना धार देणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेब हे त्याचे आद्य कारागीर मानले जातात. तलवारींचे दिवस सरले, तेव्हां पोलादावर बसलेला हात लांकडाकडे वळला आणि कारागिरांचें आडनांवहि पुढें सतारमेकर झालें. सोलापूर जिल्ह्याचें या कलेशीं नातें भोपळ्याचें आहे. पंढरपूरच्या आसपास पिकणारे मोठे कडू भोपळे वाळवून मिरजेस जातात. मिरजेचा म्हणून मिरविणारा तंबोरा पोटानें सोलापूरचाच म्हणावयाचा!

अमेरिकेंत गिब्सन कंपनीनें १९३६ सालीं कमानदार तबलीची विजेची गिटार बाजारांत आणली. तशा जुन्या गिटारीचा रंग मूळचा कीं मागाहून दिलेला, याचा वाद तेथेंहि रंगतो. परंतु तिच्या पोटांत बहुधा कारखान्याचा आकडा सांपडतो आणि वाद मिटण्यास आधार मिळतो. तंबोऱ्यावर असा आकडा नसतो.

तंबोऱ्याचें पॉलिश लाखेचें. तें मळलें, उडालें कीं दुरुस्तीच्या वेळीं नवा हात फिरतो. म्हणून चकाकी सांगते ती शेवटच्या दुरुस्तीची गोष्ट, जन्माची नव्हे. तरीहि तिला बोलतें करतां येतें. लाख स्पिरिटांत विरघळते, आणि अतिनील प्रकाशांत नारिंगी दिसते. सेल्युलोजचें लॅकर मात्र थिनरनें सुटतें. तें १९२० नंतरच्या दशकांत प्रचारांत आलें, तेव्हां तसा थर आढळला तर निदान तो थर त्याआधींचा नव्हे.

नक्षीकामाचा पुरावा अधिक भरंवशाचा. हस्तिदंतासारखी दिसणारी पट्टी पुष्कळदां सेल्युलॉइडची निघते, आणि सेल्युलॉइडचा शोध १८७० च्या सुमारासचा. तिच्याखालीं दुसऱ्या जुन्या पट्टीच्या खुणा आहेत काय, तें पाहावें. खुंट्यांचीं भोंकें झिजून लांबट झालीं आहेत काय, भोपळ्याच्या व गळ्याच्या सांध्याशीं नवा सरस दिसतो काय, हेंहि तपासावें. भोपळा नाजूक, पडला कीं फुटतो आणि बदलला जातो. दांडी एका पिढीची, भोपळा दुसरीचा, पॉलिश तिसरीचें, असा तंबोरा विरळा नाहीं. तो खोटा ठरत नाहीं, फक्त त्याला एकच साल चिकटवितां येत नाहीं.

खरी हानि होते ती विकण्यापूर्वीं तंबोरा घासून नवाकोरा करण्यांत. कानशीखालीं जुना थर, पट्टीच्या खुणा, सारें एका दुपारीं नाहींसें होतें. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, पण तें आजच्या कामास लागू, पणजोबांच्या तंबोऱ्याचें वय त्यावरून ठरत नाहीं. जवारी काढण्यास तो मिरजेस अवश्य न्यावा, घोडी घासून द्यावी, मात्र दांडीला कानस लावूं नये असें कारागिरास आधींच सांगावें.