ह्यूमर, मिजास आणि विनोद

‘ह्यूमर’ला मराठीत काय म्हणतात असं विचारलं, तर शाळेतलं पोरही ‘विनोद’ म्हणून सांगेल. पण हे दोन शब्द अगदी वेगळ्या वाटांनी हसण्यापर्यंत पोचले आहेत. त्या वाटा बघितल्या की हसण्याबद्दलच काही कळतं, म्हणून आजचा हा विषय.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ओलावा, द्रव. हास्याचा त्यात मागमूस नाही. ग्रीक वैद्यकाची समजूत अशी की शरीरात चार द्रव असतात: रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. हिपोक्रेटिसच्या परंपरेतला हा विचार गॅलेननं पक्का केला आणि युरोपात तो दीड हजार वर्षं टिकला. या द्रवांचं मिश्रण जसं, तशी माणसाची प्रकृती. काळं पित्त वाढलं की माणूस उदास. ‘मेलँकली’ या शब्दाचा मूळ अर्थच काळं पित्त. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. काचबिंदूत डोळ्यातल्या ज्या पाण्याचा दाब वाढतो, त्याला इंग्रजीत ‘ॲक्वियस ह्यूमर’ म्हणतात. तिथं हसण्यासारखं काही नाही!

मग द्रवावरून शब्द स्वभावावर आला, आणि स्वभावावरून विक्षिप्तपणावर. 1598 मध्ये बेन जॉन्सनचं ‘एव्हरी मॅन इन हिज ह्यूमर’ हे नाटक रंगभूमीवर आलं. शेक्सपिअरनं स्वतः त्यात काम केलं होतं. त्यातला नवरा संशयानं पछाडलेला, शिपाई बढाईखोर. एकेक जण आपल्या एका खोडीचा गुलाम. प्रेक्षक त्यांना हसले. तिथून पुढच्या शंभरेक वर्षांत ह्यूमर हा हसू येणाऱ्या माणसाचा गुण न राहता, हसू आणणाऱ्याचा गुण झाला.

आता आपल्याकडे या. युनानी वैद्यकानं हीच ग्रीक कल्पना घेतली आणि द्रवांच्या मिश्रणातून बनलेल्या प्रकृतीला अरबी शब्द वापरला, मिजाज. मूळ अर्थ मिश्रण. तोच आपला ‘मिजास’. सोलापुरात ‘लई मिजास चढलीय त्याला’ असं आपण म्हणतो, तेव्हा नकळत गॅलेनचीच भाषा बोलतो. म्हणजे अर्थाच्या नात्यानं बघितलं तर ह्यूमरचा मराठी भाऊ मिजास आहे. एक भाऊ हसरा निघाला, दुसरा तोऱ्यात राहिला.

आणि विनोद? हा संस्कृत शब्द. वि अधिक नुद्. नुद् म्हणजे ढकलणं. विनोद म्हणजे दूर सारणं. शीण, कंटाळा, दुःख दूर सारणारं जे काही, ते विनोद. ‘काव्यशास्त्रविनोद’ म्हणतो तेव्हा तिथं कुणी खो खो हसत नसतं. आपल्या जुन्या शास्त्रात हसण्याला शब्द होता ‘हास्य’. भरतानं तो रस मानला आणि स्मितापासून अतिहसितापर्यंत त्याचे सहा प्रकार केले. गंमत बघा, रस म्हणजेही द्रवच. पण यावरून इकडचं तिकडे गेलं असं म्हणू नका. साम्य म्हणजे नातं नव्हे.

इंग्रजी आणि मराठी शब्दांची जोडणी एकोणिसाव्या शतकात मोठ्या प्रमाणावर झाली. त्यातले मोल्सवर्थ हे कंपनीच्या फौजेतले अधिकारी. आपल्या सोलापुरात असतानाच ते मराठी शब्द जमवू लागले होते. त्यांचा मराठी-इंग्रजी कोश 1831 मध्ये निघाला. इंग्रजी-मराठी कोश कँडी यांनी पुरा केला, तो 1847 चा. पण कोशात शब्दासमोर शब्द ठेवला म्हणून अर्थ रुजत नाही. ते काम लेखक करतात.

ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी केलं. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांचे विनोदी लेख येऊ लागले आणि पुढं ‘सुदाम्याचे पोहे अर्थात साहित्य-बत्तिशी’ झालं. लेख बत्तीस, आणि हसताना दिसते तीही बत्तिशी! सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या ही त्यातली माणसं. जॉन्सनच्या पात्रांसारखीच आपापल्या समजुतींत अडकलेली. पण सुदामा स्वतःच गोष्ट सांगतो आणि स्वतःच हास्यास्पद होतो. वाचक त्याला हसता हसता आपल्या घरातले शकून-अपशकून, सोवळंओवळं यांनाही हसतो. इथं दोन्ही शब्द भेटले: ह्यूमरमधली प्रकृती आणि विनोदातलं दूर सारणं. दूर सारली गेली ती रूढी. पुढं 1937 मध्ये न. चिं. केळकरांनी ‘हास्यविनोदमीमांसा’ लिहिली, तोवर ‘विनोद’चा हा अर्थ मराठीत पक्का झाला होता.

शब्दाची ही कुळकथा कशासाठी सांगितली? आज ‘विनोद केला हो, मनावर काय घेता’ असं म्हणून कुणाच्या जातीवर, रंगावर, बोलीवर काहीही बोललं जातं. पुण्यामुंबईच्या नाटकात आपली बोली आली की लोक आधीच हसायला बसतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. अशा वेळी शब्दाचं मूळ आठवावं आणि विचारावं: या हसण्यानं दूर काय सारलं? दुःख सारलं, मूर्ख समजूत सारली, तर तो विनोद. समोरचा माणूसच दूर सारला गेला, तर ती नुसती मिजास.

इथं थांबतो. तुमचे प्रश्न आता घेऊ.