नदीच्या दोन्ही काठांचा क्लब

आमच्या तासगाव भागात बेदाणा करायचा तर द्राक्षाचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून मग शेडवर टाकतात. ही रीत मूळची ऑस्ट्रेलियाची. तिकडं मरे नदीकाठी मिल्ड्युरा नावाचं गाव आहे. तिथले शेतकरी आपल्याच थॉमसनचा बेदाणा करतात, फक्त तिला सुलताना म्हणतात. धाकटा मुलगा तिकडं नोकरीला, म्हणून मी दोन पावसाळे तिथं काढले. तिकडं तो हिवाळा, म्हणजे फुटबॉलचा हंगाम.

हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. 1859 साली मेलबर्नमध्ये त्याचे नियम लिहिले गेले. मैदान अंडाकृती, चेंडू लांबट, हातानं धरायचा अन् लाथेनं मारायचा. मधल्या दोन उंच खांबांतून गेला तर सहा गुण, बाजूनं गेला तर एक. एका संघाचे अठरा गडी मैदानात. हा अठराचा आकडा ध्यानात ठेवा.

मिल्ड्युरापासून ऐंशी-नव्वद किलोमीटरवर रॉबिनव्हेल. गाव वसवणाऱ्या कटल नावाच्या गृहस्थानं 1918 साली पहिल्या महायुद्धात विमानातून लढताना गेलेल्या आपल्या मुलाचं, रॉबिनचं, नाव गावाला दिलं. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारनं परतलेल्या शिपायांना इथं बागायती जमिनी दिल्या, द्राक्षं लागली. नदीपलीकडं यूस्टन, पण ते दुसऱ्या राज्यात, न्यू साउथ वेल्समध्ये. नदी सगळीच्या सगळी त्यांची, व्हिक्टोरियाची हद्द अलीकडच्या काठालाच संपते. (आपल्याकडं यावर तीन लवाद बसले असते!) दोन्ही गावांचे क्लब निरनिराळे.

शनिवारी सगळं गाव मैदानावर. आधी बारकी पोरं, मग मोठी, शेवटी मुख्य संघ. शेजारी बायकांचा नेटबॉल, क्लबच्या नावातच तो असतो. लोक मैदानाकडं तोंड करून गाड्या लावतात आणि गोल झाला की हॉर्न वाजवतात. आपल्या जत्रेची कुस्तीच म्हणा, पण दर आठवड्याला.

दक्षिणेला मॅलीचा कोरडवाहू गव्हाचा पट्टा. तिथं यंत्रं मोठी झाली, तशी एकेका घराची शेती वाढत गेली आणि घरं कमी झाली. घरं कमी, म्हणजे पोरं कमी. अठरा गडी आणायचे कुठून? मग टेम्पी, गोरिया आणि पॅचेवॉलॉक या तीन गावांचा मिळून एक संघ झाला, टेम्पी-गोरिया-पॅचे. पुढं त्यांची मॅली लीगच बंद पडली. मला त्या नावांतल्या आडव्या रेघा बघवत नाहीत. सातबाऱ्यावर वारसांची नावं वाढत जातात आणि कसणारा एकच उरतो, तसं ते वाटतं.

रॉबिनव्हेल आणि यूस्टनही शेवटी एक झाले, रॉबिनव्हेल-यूस्टन. दोन राज्यांत मिळून एक क्लब. 2020 साली कोरोनात राज्यांची हद्द बंद झाली, तेव्हा ती नेमकी या क्लबाच्या मधूनच गेली.

पण रॉबिनव्हेलला माणसांचा तोटा आहे का? जनगणनेत तीन-साडेतीन हजार माणसं भरली. 2019 मध्ये कुणी बारकाईनं मोजलं तर त्याच्या दुपटीहून जास्त निघाली. टोंगा, फिजी, व्हिएतनाम इथून द्राक्ष-बदामाच्या कामाला आलेली. टोंगा-फिजीची पोरं अंगानं दणकट, पण त्यांचा जीव रग्बीत. आणि ज्याला व्हिसा संपला की घरी जायचं आहे, त्याच्या जिवावर पुढच्या सालचा संघ कसा उभा करणार? पिकाला माणूस आहे, गावाला नाही.

आमच्या कबड्डी मंडळाला तर सातच गडी लागतात. तेही जमेनात, पोरं पुण्याला गेली. बेदाण्याच्या शेडवर बिहारची पोरं हंगामभर असतात. यंदा स्पर्धेला त्यातली दोघं आमच्याकडून उतरली, एकाची चढाई तर बघण्यासारखी. मंडळाच्या वहीत त्यांच्या नावापुढं गाव कुठलं लिहायचं, यावर दोन मीटिंगा झाल्या. ती जागा अजून कोरीच आहे.