आई-वडिलांचा मोबाईल सोपा कसा करून द्यावा? सुट्टीत गावी आल्यावर करायची कामे

जत्रेला किंवा दिवाळीला मुलगा पुण्या-मुंबईहून गावी आला की, "जरा माझा मोबाईल बघ रे, काहीतरी बिघडलंय" हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. मुलगा पाच मिनिटांत काहीतरी दाबतो, मोबाईल चालू होतो आणि तो परत गेल्यावर चार दिवसांत गाडी पुन्हा तिथेच अडते. बहुतेक वेळा मोबाईल बिघडलेलाच नसतो. तो तरुण माणसाच्या सवयीप्रमाणे लावलेला असतो. अक्षर बारीक, बटणं गायब, स्क्रीनवर पन्नास चिन्हं. त्यामुळे आधी मोबाईल वडिलांच्या सोयीचा करावा आणि शिकवणं त्यानंतर सुरू करावं. हे काम एका दुपारचं आहे.

आधी हे बदल करा

सेटिंगमध्ये डिस्प्लेत जाऊन अक्षराचा आकार आणि डिस्प्लेचा आकार, दोन्ही मोठे करावेत. फक्त अक्षर मोठं केलं तर बटणं बारीकच राहतात. स्क्रीन बंद होण्याची वेळ ३० सेकंदांवरून २ मिनिटांवर न्यावी. हळू वाचणाऱ्या माणसाची स्क्रीन मध्येच काळी झाली की त्याला वाटतं, आपण काहीतरी चुकीचं दाबलं.

सगळ्यात उपयोगाचा बदल मात्र फार कमी जण करतात. नव्या मोबाईलमध्ये खालची तीन बटणं नसतात, बोट सरकवून मागे जावं लागतं. शेतात राबलेल्या जाड बोटांना ते सरकवणं जमत नाही. सेटिंगमध्ये 'नेव्हिगेशन' शोधून तीन बटणांचा पर्याय निवडावा. मागे जायचं बटण डोळ्यांसमोर दिसलं की निम्मी भीती जाते. कंपनीनुसार सेटिंगची नावं थोडी बदलतात. सापडत नसेल तर सेटिंगच्या वरच्या भिंगाच्या चिन्हावर दाबून शब्द शोधावा. सॅमसंगमध्ये 'इझी मोड' नावाची तयार सोय आहे, त्यात चिन्हं आणि अक्षरं एकदमच मोठी होतात.

पहिल्या स्क्रीनवर रोज लागणारी सहा-सात चिन्हंच ठेवावीत. फोन, व्हॉट्सॲप, कॅमेरा, हवामान, बाजारभाव बघत असतील तर तेवढं. मुलगा, मुलगी, शेजारी आणि डॉक्टर यांचे नंबर फोटोसह थेट स्क्रीनवर लावता येतात. फोटोवर दाबलं की फोन लागतो, नाव वाचायची गरज राहत नाही.

मोबाईलची भाषा मराठी करावी का, हे मात्र त्यांनाच विचारावं. काहींना मराठी मेनू बरा वाटतो. काहींना 'सेटिंग', 'गॅलरी', 'डाउनलोड' हेच शब्द तोंडपाठ असतात आणि त्यांची मराठी नावं उलट कोड्यात टाकतात. शिवाय मुलगा फोनवरून इंग्रजी नावं सांगणार आणि समोर मराठी दिसणार, यातही गोंधळ होतो.

टाईप करता येत नसेल तर बोलू द्या

कीबोर्डवर मराठी भाषा जोडून माईकचं चिन्ह दाखवून द्यावं. मराठीत बोललेलं बऱ्यापैकी नीट लिहिलं जातं. बोलीभाषेतले शब्द कधी चुकतात, पण निरोप समजतो. व्हॉट्सॲपवर तर बोलून पाठवायची सोय आहेच आणि अनेक आजी ती नातवंडांपेक्षा सफाईने वापरतात. घरातल्यांचे तीन चॅट वर पिन करून ठेवावेत, म्हणजे गावच्या ग्रुपच्या गर्दीत ते हरवत नाहीत.

'मोबाईल भरला' ही तक्रार बहुधा 'शुभ सकाळ'च्या फोटोंमुळे येते. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज आणि डेटा'त जाऊन फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करावं. तिथेच 'प्रायव्हसी'त ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं, यासाठी 'माझे कॉन्टॅक्ट' निवडावं. अनोळखी माणसं शेअर बाजाराच्या किंवा लोनच्या ग्रुपमध्ये ओढतात, ते त्यामुळे थांबतं.

ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येतो?

हा प्रश्न घरात एकदा नीट बसून सोडवावा. अनेक घरांत वडिलांच्या आधारला आणि बँक खात्याला मुलाचा नंबर जोडलेला असतो. जोडला तेव्हा सोपं वाटलं. आता वडील सेतू केंद्रात रांगेत उभे आणि ओटीपी गेला चाकणच्या कंपनीत, मुलगा शिफ्टमध्ये, त्याचा मोबाईल लॉकरमध्ये. पीएम किसानची ई-केवायसी असो नाहीतर दुसरं काही, काम त्या दिवशी होत नाही आणि मजुरी बुडते ती वेगळी. काही ठिकाणी तर जोडलेला नंबर कधीच बंद पडलेला असतो आणि ते हप्ता अडकल्यावर कळतं.

वडील स्वतःचा मोबाईल वापरत असतील तर आधार आणि बँक, दोन्हीकडे त्यांचाच नंबर असावा. आधारसाठी आधार केंद्रावर आणि खात्यासाठी बँकेच्या शाखेत त्यांना स्वतः जाऊन नंबर बदलून घेता येतो. मुलगा गावी आहे तेव्हाच हे उरकावं. आणि तो नंबर रिचार्जविना बंद पडू देऊ नये.

हयातीचा दाखला घरबसल्या

शेतकऱ्याच्या, कामगाराच्या बोटांचे ठसे झिजतात आणि मशीन ते घेत नाही. त्यावर चेहऱ्याचा पर्याय आहे. पीएम किसानच्या ॲपमध्ये चेहरा दाखवून ई-केवायसी होते. केंद्र सरकारचे निवृत्त कर्मचारी आणि ईपीएफओची पेन्शन घेणारे, म्हणजे साखर कारखान्यातले किंवा एसटीतले निवृत्त कामगार, यांना हयातीचा दाखलाही असा देता येतो. प्ले स्टोअरवरून 'जीवन प्रमाण' आणि 'आधार फेस आरडी' ही दोन ॲप घ्यावी लागतात. आधी ऑपरेटर म्हणून मुलाने किंवा मुलीने आपला चेहरा दाखवायचा, मग पेन्शनधारकाचा आधार, पीपीओ आणि खाते क्रमांक भरून त्यांचा चेहरा. ओसरीत उजेडाकडे तोंड करून बसवावं, खिडकी पाठीमागे नको. केंद्राच्या पेन्शनरांचा दाखला नोव्हेंबरात लागतो. ईपीएफओचा मात्र वर्षभरात कधीही देता येतो आणि दिल्या दिवसापासून १ वर्ष चालतो, त्यामुळे नोव्हेंबरच्या गर्दीची वाट बघायची गरज नाही.

पैशाचं ॲप देताना

पिन मोबाईलच्या कव्हरमागे लिहून ठेवणं किंवा मुलानेच ठरवून लक्षात ठेवणं, दोन्ही चूक आहे. पिन त्यांनी स्वतः ठरवावा आणि मुलासमोरही उघड बोलू नये. एकच गोष्ट पक्की करून घ्यावी: पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. क्यूआर कोड स्कॅन करणं म्हणजेही पैसे देणंच. "तुमचा हप्ता जमा करतोय, पिन टाका" असं कोणी म्हणालं तर फोन ठेवायचा.

पेन्शन किंवा पीक कर्ज ज्या खात्यात येतं ते यूपीआयला जोडूच नये. दुसऱ्या खात्यात दोन-तीन हजार ठेवून ते जोडावं. चुकलं तरी घर बुडत नाही. 'यूपीआय सर्कल' ही दुसरी सोय आहे. त्यात मुलाच्या खात्यातून आईला खर्च करता येतो. पूर्ण परवानगी दिली तर एका वेळी जास्तीत जास्त ५,००० आणि महिन्याला १५,००० रुपयांपर्यंत, किंवा प्रत्येक व्यवहार मुलाने मंजूर करायचा.

व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान', 'आरटीओ चलान' किंवा लग्नपत्रिका अशा नावाने शेवटी 'एपीके' लिहिलेल्या फाइल फिरतात. ती उघडून इन्स्टॉल केली की मोबाईलमधले मेसेज, ओटीपीसकट, चोराकडे जाऊ शकतात. पाठवणारा ओळखीचाही असतो, कारण त्याचाच मोबाईल आधी फसलेला असतो. सेटिंगमध्ये 'अनोळखी ॲप इन्स्टॉल' शोधून व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाइल्स, तिन्हीसाठी परवानगी बंद करून टाकावी. तसंच कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधायचा नाही, तिथे खोटे नंबर असतात. पासबुकावर किंवा एटीएम कार्डाच्या मागे असतो तोच लावायचा.

गावाहून परत गेल्यावर

फोनवर "वरचे तीन ठिपके दाब" सांगून कोणाचंच भागत नाही. "कुठले तीन ठिपके?" इथपासून भांडण सुरू होतं. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमध्ये स्क्रीन शेअर करता येते. वडिलांनी शेअर केलं की मुलाला त्यांची स्क्रीन दिसते आणि कुठे दाबायचं ते सांगता येतं. दाबतात मात्र वडीलच, त्यामुळे पुढच्या वेळी हाताला लक्षात राहतं.

पण हीच युक्ती चोरही वापरतात. बँकेतून बोलतोय म्हणून स्क्रीन शेअर करायला लावतात आणि ओटीपी वाचतात. म्हणून घरात नियम असावा की शेअरिंग फक्त घरच्या माणसाशी आणि फोन वडिलांनी लावलेला असेल तेव्हाच. शेअरिंग चालू असताना बँकेचं ॲप उघडायचं नाही, मुलगा समोर असला तरी. दुसऱ्याला आपला मोबाईल चालवू देणारी ॲप असतील तर काढून टाकावीत.

जाताना मोठ्या अक्षरात एक कागद लिहून कॅलेंडरशेजारी चिकटवावा. त्यावर मुलाचा आणि शेजारच्या जाणत्या माणसाचा नंबर, बँक शाखेचा नंबर आणि १९३० ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाईन. पैसे गेले तर आधी १९३० ला फोन करायचा, मुलाला नंतर. लवकर कळवलं तर पुढच्या खात्यात गेलेली रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. पोरगा रागावेल म्हणून दोन दिवस लपवून ठेवलं की पैसे तोवर अनेक खात्यांतून पुढे गेलेले असतात. तो कागद चिकटवतानाच मुलाने सांगून टाकावं की पैसे गेले तरी ओरडणार नाही.