चित्रपट तबकडीची डिजिटल प्रत

डिजिटल प्रत म्हणजे चित्रपटाची डीव्हीडी, ब्ल्यू-रे किंवा ४के तबकडी विकत घेणाऱ्या ग्राहकास त्याच किमतीत मिळणारी, संगणकावर, दूरचित्रवाणी संचावर वा भ्रमणध्वनीवर पाहता येणारी त्याच चित्रपटाची आवृत्ती होय. ही पद्धत मुख्यतः अमेरिकेत रुजली. बहुतेक वेळा ही प्रत तबकडीवर नसतेच. वेष्टनात एक कागदी चिठ्ठी असते, तिच्यावर अक्षरे व अंक यांचा कोड छापलेला असतो आणि तो संकेतस्थळावर भरल्यावर ग्राहकाच्या खात्यात चित्रपट जमा होतो. चिठ्ठी नसणे, कोडची मुदत संपलेली असणे, कोड आधीच कोणी वापरलेला असणे किंवा ज्या सेवेसाठी कोड होता ती सेवाच बंद पडलेली असणे, या कारणांनी तबकडी हाती असूनही डिजिटल प्रत मिळत नाही, अशी ग्राहकांची जुनी तक्रार आहे.

== पार्श्वभूमी ==
ध्वनिफितीवरून किंवा सीडीवरून गाणी स्वतःच्या संगणकावर उतरवून घेणे ग्राहकांच्या अंगवळणी पडले होते. चित्रपटाच्या तबकडीबाबत मात्र तसे करता येत नाही. डीव्हीडीवर सीएसएस व ब्ल्यू-रेवर एएसीएस नावाचे सांकेतिक कुलूप असते आणि अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए कायद्यान्वये असे कुलूप तोडण्यास मनाई आहे. स्वतःच्या मालकीच्या डीव्हीडीची प्रत संगणकात ठेवू देणारी 'रिअलडीव्हीडी' ही आज्ञावली २००८ मध्ये बाजारात आली, परंतु चित्रपट कंपन्यांनी दावा दाखल केला व २००९ मध्ये न्यायालयाने तिच्या विक्रीस मनाई केली. एएसीएसच्या २००९ च्या परवाना करारात ग्राहकास एक अधिकृत प्रत काढू देण्याची 'मॅनेज्ड कॉपी' नावाची तरतूद होती. ती कागदावरच राहिली म्हणावयास हरकत नाही. ग्राहकाने स्वतः प्रत काढावयाची नाही, तर कंपनीनेच ती द्यावयाची, हा मार्ग यातून पुढे आला.

== इतिहास ==
२००७ च्या अखेरीस ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने 'लिव्ह फ्री ऑर डाय हार्ड' या चित्रपटाच्या डीव्हीडी संचात डिजिटल प्रत दिली. जानेवारी २००८ मध्ये अ‍ॅपलच्या आयट्यून्सशी जोडलेली प्रत 'फॅमिली गाय : ब्ल्यू हार्वेस्ट' या डीव्हीडीबरोबर आली. या काळात चित्रपटाची धारिका खरोखरच तबकडीवर असे. ती संगणकात घेताना कोड एकदा भरावा लागे आणि पुढे ती ठराविक आज्ञावलीतच चाले.

ऑक्टोबर २०११ मध्ये अमेरिकेत 'अल्ट्राव्हायोलेट' ही सेवा सुरू झाली व वॉर्नर ब्रदर्सचे 'हॉरिबल बॉसेस' आणि 'ग्रीन लँटर्न' हे तिचे पहिले चित्रपट ठरले. तिच्यात धारिका साठवलेली नसे. कोणत्या ग्राहकास कोणता चित्रपट पाहण्याचा हक्क आहे, एवढीच नोंद असे. एका खात्यात कुटुंबातील सहा जणांना सामावून घेता येई. बहुतेक मोठ्या चित्रपट कंपन्या तिच्यात आल्या, डिस्ने आली नाही. अ‍ॅपलही बाहेर राहिली. त्यामुळे वेष्टनावर 'डिजिटल' हा एकच शब्द असला, तरी आतील कोड कोठे चालेल हे कंपनीगणिक बदलत असे. एकाच ग्राहकाचे चित्रपट तीन-चार खात्यांत विखुरले जात.

डिस्नेने २०१४ मध्ये स्वतःची सेवा काढली व ऑक्टोबर २०१७ मध्ये तिचे रूपांतर 'मूव्हीज एनीव्हेअर' या सामायिक सेवेत झाले. तीत डिस्ने, फॉक्स, सोनी, युनिव्हर्सल व वॉर्नर या कंपन्या होत्या. पॅरामाउंट व लायन्सगेट यांचा त्यात समावेश नव्हता. अल्ट्राव्हायोलेट ३१ जुलै २०१९ रोजी बंद झाली. ज्यांनी आपले खाते वेळीच एखाद्या विक्रेत्याच्या सेवेशी जोडले, त्यांचे बहुतेक चित्रपट तेथे शिल्लक राहिले.

== प्रत न मिळण्याची कारणे ==
चिठ्ठी हा या व्यवस्थेतील सर्वांत नाजूक दुवा आहे. वेष्टन बांधताना ती राहून जाऊ शकते. दुकानात परत आलेला संच पुन्हा विकला गेला, तर चिठ्ठी आत असते, पण तिच्यावरील कोड पहिल्या ग्राहकाने वापरलेला असतो. कोड एकदाच चालत असल्याने जुन्या बाजारातून घेतलेल्या तबकडीबरोबर डिजिटल प्रत मिळेलच असे नाही, आणि वेष्टन पाहून ते कळण्याची सोयही नसते. भाड्याने देण्यासाठी काढलेल्या आवृत्त्यांत कोड नसतो. तबकडी घरोघर फिरणार असल्याने सार्वजनिक ग्रंथालये चिठ्ठी आधीच काढून ठेवतात. एकाच चित्रपटाच्या काही आवृत्त्या कोडसह व काही कोडविना विकल्या जातात, हेही गोंधळाचे कारण आहे.

कोडवर बहुधा मुदत छापलेली असते. तबकडीला अशी मुदत नसते. दुकानात दोन-तीन वर्षे पडून राहिलेला संच पूर्ण किमतीत विकत घेणाऱ्यास हा फरक घरी आल्यावरच कळतो. काही कंपन्या मुदत उलटल्यानंतरही कोड चालू ठेवतात. अल्ट्राव्हायोलेट बंद झाल्यावरही तिचे चिन्ह असलेले संच विक्रीस होते. त्यांतील अनेक कोड अन्य संकेतस्थळांवर चालले, मात्र वेष्टनावरील जुन्या सूचनांवरून ते कोणासही उमगले नसते.

== डिस्ने विरुद्ध रेडबॉक्स ==
ग्राहक नेमके काय विकत घेतो, या प्रश्नाची सर्वांत सखोल चिकित्सा या खटल्यात झाली. रेडबॉक्स ही कंपनी स्वयंचलित यंत्रांतून तबकड्या भाड्याने देत असे. डिस्नेशी तिचा करार नसल्याने ती दुकानांतून डिस्नेचे संच विकत घेई, तबकडी भाड्याने देई आणि चिठ्ठी स्वतंत्रपणे विकी. वेष्टनावर 'कोड विक्रीसाठी वा हस्तांतरासाठी नाहीत' असे छापलेले होते. डिस्नेने २०१७ च्या अखेरीस कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात दावा लावला.

फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायमूर्ती डीन प्रेगरसन यांनी तात्पुरता मनाईहुकूम नाकारला. वेष्टनावरील त्या एका ओळीने ग्राहक बांधला जात नाही, असे त्यांनी म्हटले. डिस्नेच्या अटींनुसार डिजिटल प्रत पाहण्यासाठी तबकडी ग्राहकाच्याच मालकीची राहणे आवश्यक होते. विकत घेतलेली तबकडी पुन्हा विकण्याचा जो हक्क कायद्याने दिला आहे, त्यावर ही अट गदा आणते व हा स्वामित्वहक्काचा गैरवापर ठरतो, असे न्यायालयाचे मत पडले. मात्र पुनर्विक्रीचा हा हक्क खुद्द कोडला लागू होत नाही, हेही त्याच निकालात आले, कारण संच विकला जातो त्या क्षणी कोणतीही डिजिटल प्रत अस्तित्वातच नसते. वेष्टनावर ठळक अक्षरांत जिचा उल्लेख असतो, ती वस्तू वेष्टनात नाही, असाच याचा अर्थ होतो. पुढे डिस्नेने अटी बदलल्या. तबकडी नंतर विकली तरी डिजिटल हक्क कायम राहील, पण कोड तबकडीसोबत मिळालेला असला पाहिजे, असे तिने ठरवले. ऑगस्ट २०१८ मध्ये न्यायालयाने मनाईहुकूम दिला.

कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये आणखी एक कायदा केला. जेथे ग्राहकास केवळ परवाना मिळतो, तेथे तसे स्पष्ट न सांगता 'खरेदी' हा शब्द वापरण्यास त्याने प्रतिबंध केला. तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला.

== भारतातील स्थिती ==
अल्ट्राव्हायोलेट भारतात आली नाही आणि मूव्हीज एनीव्हेअर अमेरिकेपुरतीच मर्यादित आहे. भारतात विकल्या गेलेल्या हॉलिवूडपटांच्या तबकड्यांबरोबर सहसा कोड नसत. अमेरिकेतील नातलगांकडून आलेल्या संचांची अडचण निराळी आहे. डीव्हीडीसाठी अमेरिका विभाग १ मध्ये व भारत विभाग ५ मध्ये मोडतो. ब्ल्यू-रेसाठी हेच विभाग अनुक्रमे ए व सी आहेत. ४के तबकड्यांना विभागबंधन नसल्याने त्या येथील यंत्रावर चालतात, कोड मात्र भारतातील खात्यात जमा होत नाही.

मराठी चित्रपटांच्या व्हीसीडीवर कुलूप नसे, त्यामुळे तिची प्रत काढणे तांत्रिकदृष्ट्या सोपे होते; ती कायदेशीर होती असे त्यावरून समजू नये. भारतीय स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ए आले व हक्कभंगाच्या उद्देशाने तांत्रिक कुलूप तोडणे हा गुन्हा ठरला.