टेबलटॉप आरपीजी अ‍ॅडव्हेंचरवर फीडबॅक कसा द्यायचा आणि कसा घ्यायचा?

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम (आरपीजी) म्हणजे चार-पाच जणांनी एकत्र बसून, बोलत आणि फासे टाकत खेळायची गोष्ट. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला आणि हा प्रकार रुजला. एक जण गेम मास्टर होतो, बाकीचे आपापलं पात्र खेळतात. गेम मास्टर ज्यावरून खेळ चालवतो, त्या लिखित प्रसंगांना अ‍ॅडव्हेंचर म्हणतात.

नुसतं वाचून का कळत नाही?

कागदावर मस्त वाटलेला प्रसंग टेबलावर अडकू शकतो. समजा, गुप्त दाराचा पुरावा एकाच पत्रात आहे आणि खेळाडूंनी ते पत्र उघडलंच नाही, तर गोष्ट तिथेच थांबते. म्हणून छापण्याआधी अ‍ॅडव्हेंचर खेळून तपासतात. यालाच प्लेटेस्ट म्हणतात.

पहिली फेरी लेखकाने स्वतः चालवली तरी चालते. पण खरी परीक्षा ‘ब्लाइंड’ प्लेटेस्टमध्ये होते. यात दुसराच गेम मास्टर फक्त लिहिलेल्या मजकुरावरून खेळ चालवतो. लेखकाच्या डोक्यात आहे, पण कागदावर नाही, असं सगळं इथे उघडं पडतं.

फीडबॅक देताना

- आधी काय घडलं ते सांगा, मत नंतर. ‘लढाई बोअर होती’ यापेक्षा ‘लढाई दीड तास चालली, दोघं मोबाईल बघत होते’ हे जास्त कामाचं.
- नेमकी जागा सांगा: कुठली खोली, कुठला प्रसंग, कुठलं पान.
- गेम मास्टरने ऐन वेळी स्वतःचं काही घातलं असेल, तर ते आवर्जून कळवा. नाहीतर मजकुरातली उणीव झाकली जाते.
- काय आवडलं तेही सांगा, म्हणजे दुरुस्तीत ते कापलं जाणार नाही.

फीडबॅक घेताना

- बचाव करू नका. ‘अहो, ते पान बारावर लिहिलंय’ हे पटवून उपयोग नाही; छापील पुस्तकासोबत तुम्ही जाणार नाही.
- एकाची तक्रार ही आवड असू शकते. वेगवेगळ्या टेबलांवर तीच अडचण आली, तर दोष मजकुरात शोधा.
- ‘आवडलं का?’ याऐवजी ‘पुढे काय करायचं हे कुठे कळेना?’ असं विचारा.

तक्रार ऐका, उपाय तुम्ही शोधा

पायझो कंपनीने २०१८ मध्ये ‘पाथफाइंडर’च्या दुसऱ्या आवृत्तीची जाहीर प्लेटेस्ट घेतली. नियमांवर ताण यावा म्हणून ‘डूम्सडे डॉन’ हे अ‍ॅडव्हेंचर मुद्दाम रचलं आणि खेळणाऱ्यांकडून सर्व्हे भरून घेतले. त्यात ‘रेझोनन्स’ नावाचा नियम होता: जादूची वस्तू वापरायला, अगदी औषधाचा घोट घ्यायलाही, मर्यादित गुण खर्च करायचे. खेळाडू वैतागले. २०१९ च्या अंतिम आवृत्तीत हा नियम गेला. पण जादूच्या वस्तूंना मर्यादा हवी, हा मूळ हेतू कंपनीने सोडला नाही. अंगावर घालायच्या अशा वस्तू दिवसाला दहापर्यंत, अशी सोपी अट ठेवली.

अ‍ॅडव्हेंचरलाही हेच लागू पडतं. ‘हा राक्षस काढून टाका’ असं कोणी म्हटलं, तर लगेच काढू नका. तो का खटकला ते विचारा. कदाचित राक्षस ठीक असेल, त्याच्यापासून पळायला वाट नसेल.