एन्ट्रन्सचा उंबरठा

बारावीच्या पोरी नीट आणि सीईटीच्या तयारीला लागल्या की गटाच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं : "अभ्यास येतो जी तिला, पण इंग्रजीत अडते." हे अडणं आजचं नाही. आपल्या नागपुरात त्याचं वय दीडशे वर्षांच्या आसपास आहे. आज त्याचीच गोष्ट सांगतो.

1861 मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. पण राजधानीला स्वतःचं विद्यापीठ नव्हतं. 1883 मध्ये हिस्लॉप कॉलेज निघालं, 1885 मध्ये मॉरिस कॉलेज. तरी परीक्षा कलकत्ता विद्यापीठाची, पुढे अलाहाबादची. कॉलेजात पाय ठेवण्याआधी जी परीक्षा द्यायची, तिला कलकत्त्याकडे 'एन्ट्रन्स' म्हणत आणि मुंबईकडे 'मॅट्रिक'. इंग्रजी हा तिथला नुसता एक विषय नव्हता. गणित असो, इतिहास असो, सगळंच इंग्रजीत लिहायचं. म्हणजे ज्ञान कितीही असलं तरी आधी परकी भाषा पाठ करा, मग आत या.

ही अडचण मुलांची. मुलींना तर परीक्षेला बसायचीच सोय नव्हती. 1875 मध्ये बेळगावच्या एका पोस्टातल्या अधिकाऱ्याने मुंबई विद्यापीठाला विचारलं की माझ्या मुलीला मॅट्रिकला बसता येईल का. विद्यापीठाने नियम उघडून पाहिले. नियमात उमेदवारासाठी सगळीकडे इंग्रजी 'ही' लिहिलेलं, म्हणजे मराठीतला 'तो'. 'ती' कुठेच नाही. म्हणून नकार! 'तो' या शब्दात 'ती'सुद्धा येते, एवढं ठरवायला 1883 साल उजाडलं. आठ वर्षं. एवढ्या वेळात एक पोर शाळा संपवून संसाराला लागते. कलकत्त्याने तोवर दार उघडलं होतं. तिथे 1878 मध्येच कादंबिनी बसू एन्ट्रन्स पास झाल्या आणि पुढे डॉक्टर झाल्या.

दार उघडलं म्हणून तयारी होते असं नाही. तयारीला शाळा लागते, शिकवणारं माणूस लागतं आणि घरच्यांचं तोंड बंद राहावं लागतं. हे तिसरं सगळ्यात कठीण. रमाबाई रानडे न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी. नवरा स्वतः शिकवायला तयार, तरी घरातल्या बायकांना त्यांचं इंग्रजी खपेना. पुण्यात मुलींसाठी हायस्कूल हवं म्हणून रमाबाईंनी गव्हर्नरसमोर इंग्रजीतून निवेदन वाचलं. बाहेर कौतुक झालं आणि घरी आल्यावर टोमणे. त्यांनी हे सगळं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. आम्हाला वाटतं, प्रत्येक गटात ते एकदा वाचून व्हावं. टोमणे मारणाऱ्या बायकाही वाईट नव्हत्या. त्यांना जे मिळालं नव्हतं ते दुसरीला मिळताना बघणं त्यांना जड गेलं, असं आमचं मत.

1884 मध्ये ते हायस्कूल झालं. तेच हुजूरपागा. लगेच वाद पेटला. मुलींना इंग्रजी कशाला आणि मुलांचाच अभ्यासक्रम कशाला, असं टिळकांनी 'केसरी'तून खडसावून विचारलं. टिळक मोठे, पण या बाबतीत आम्ही शाळेच्या बाजूने. मॅट्रिकच्या वाटेवर इंग्रजी होतं, म्हणून मुलींना इंग्रजी लागत होतं. त्यात फॅशन कसली?

तोड काढली महर्षी कर्व्यांनी. 1916 मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. शिकवायचं मराठीतून आणि इंग्रजी हा एक विषय म्हणून सक्तीचा. विचार चांगला होता, पण किंमत मोजावी लागली. त्या पदवीला सरकारी मान्यता मिळायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. कर्व्यांच्याच संस्थेतल्या पार्वतीबाई आठवले या विधवा बाई तर पंचेचाळीशी ओलांडल्यावर, 1918 मध्ये, इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी कामं करून राहिल्या.

आता आपल्या नागपूरकडे. एन्ट्रन्सच्या गप्पा पुण्यातल्या वाड्यात चालत, पण खाली अक्षरओळखीचीच मारामार होती. उमरेडच्या जाईबाई चौधरी महार समाजातल्या. डोक्यावर ओझी वाहून पोट भरत होत्या. एका मिशनरी बाईंमुळे त्या लिहायला-वाचायला शिकल्या, शिक्षिका झाल्या. पण अस्पृश्य बाई मुलांना शिकवते म्हणून ओरड झाली आणि नोकरी सोडावी लागली. त्यांनी 1922 मध्ये नागपुरात संत चोखामेळा यांच्या नावाने मुलींची शाळा काढली. दुसऱ्याच वर्षी, 4 ऑगस्ट 1923 रोजी, नागपूर विद्यापीठ स्थापन झालं. विद्यापीठाचा इतिहास सांगताना जाईबाईंची शाळा सहसा कुणी सांगत नाही. आम्ही दोन्ही एकत्र सांगतो, कारण तिथल्या पोरी 'अ आ' शिकल्या नसत्या तर त्यांच्या लेकी-नाती विद्यापीठापर्यंत आल्या कुठून असत्या?

20 जुलै 1942 रोजी नागपुरातच दलित महिलांची परिषद भरली. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. बाबासाहेब बोलले. हजारो बाया आल्या होत्या. ठरावांत मुलींसाठी वसतिगृहांची मागणी होती. गावची पोर शहरात राहील कुठे, हा प्रश्न त्यांनाही आधी सुचला.

आज काय आहे? महाराष्ट्रात 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. नीट 2017 पासून मराठीतही देता येते. सीईटीचे भौतिक आणि रसायनचे पेपर मराठीतून देता येतात, गणिताचा मात्र इंग्रजीतच. पण भाषा फॉर्म भरतानाच निवडावी लागते, म्हणून त्या दिवशी पोरीसोबत बसा आणि फॉर्मवरचा तो रकाना स्वतः बघा. कॅफेवाल्याच्या भरवशावर सोडू नका. नीटला मराठी निवडली तर पुस्तिकेत मराठी आणि इंग्रजी दोन्ही प्रश्न असतात. खाली मात्र बारीक अक्षरात एक ओळ असते : भाषांतरात शंका आली तर इंग्रजी प्रश्न अंतिम मानला जाईल. ती ओळ पोरीला आधीच दाखवून ठेवा, आणि सरावाच्या वेळी अडलेला प्रश्न दोन्ही भाषांत वाचायची सवय लावा.