एक चाक मोडले आणि पृथ्वीप्रदक्षिणेची दिशा उलटली

१/ अमेलिया एअरहार्ट यांच्याविषयीच्या बहुतेक कथा २ जुलै १९३७ पासून, म्हणजे त्या प्रशांत महासागरावर नाहीशा झाल्या त्या दिवसापासून सुरू होतात. पण त्या अखेरच्या उड्डाणाचा मार्ग, त्याची वेळ आणि विमानातील माणसे यांवर सुमारे साडेतीन महिने आधीच्या एका अपघाताची छाया होती. तो अपघात हवाईतील एका धावपट्टीवर घडला.

२/ एअरहार्ट यांचे लॉकहीड इलेक्ट्रा हे मूळचे दहा प्रवाशांचे, दोन इंजिनांचे विमान. त्यांच्या विमानातून आसने काढून त्या जागी इंधनाच्या टाक्या बसवल्या होत्या. पृथ्वीप्रदक्षिणा त्यांच्या आधीही झाल्या होत्या, पण त्या बहुतेक उत्तरेकडील आखूड मार्गाने. एअरहार्ट यांना विषुववृत्तालगतचा, सुमारे ४७,००० किलोमीटरचा मार्ग हवा होता.

३/ मूळ बेत पश्चिमेकडे जाण्याचा होता : ओकलंड, होनोलुलू, हाउलंड बेट, मग न्यू गिनीतील लाए आणि पुढे ऑस्ट्रेलिया. १७ मार्च १९३७ रोजी विमान ओकलंडहून निघाले आणि सुमारे १६ तासांत होनोलुलूला पोहोचले. सोबत मार्गदर्शक फ्रेड नूनन, जहाजाचे कप्तान हॅरी मॅनिंग आणि तांत्रिक सल्लागार पॉल मँट्झ होते. मँट्झ यांचा प्रवास होनोलुलूपर्यंतच होता.

४/ पुढचे लक्ष्य हाउलंड. सुमारे दोन चौरस किलोमीटरचे, समुद्रसपाटीपासून जेमतेम वर आलेले हे बेट अथांग पाण्यात शोधायचे होते. म्हणूनच या टप्प्यावर नूनन आणि मॅनिंग हे दोघेही विमानात असणार होते. आकाशस्थ ताऱ्यांवरून स्थान काढण्यात नूनन निष्णात. मॅनिंग यांना बिनतारी यंत्रणा व मोर्स संकेत उत्तम अवगत.

५/ २० मार्चची पहाट. पर्ल हार्बरमधील फोर्ड बेटावरचे ल्यूक फील्ड. टाक्यांत सुमारे ९०० गॅलन इंधन. धावपट्टीवर वेग घेताना विमान उजवीकडे ओढले गेले. ते सरळ करण्यासाठी एअरहार्ट यांनी डाव्या इंजिनाची शक्ती कमी केली. तेव्हा ते डावीकडे वळले आणि वळतच राहिले.

६/ हे का घडते? इलेक्ट्राची दोन मोठी चाके पुढे आणि लहान चाक शेपटीखाली होते. अशा विमानाचा गुरुत्वमध्य मोठ्या चाकांच्या मागे असतो. नाक किंचित वळले की मागचे वजन ते वळण वाढवत नेते. वेळीच आवरले नाही, तर विमान जमिनीवरच गिरकी घेते. वैमानिक याला ‘ग्राउंड लूप’ म्हणतात. इंधनाचे ओझे जितके अधिक, तितके आवरणे कठीण.

७/ लँडिंग गिअर मुख्यतः उतरतानाचा, खालून येणारा धक्का सोसण्यासाठी घडवलेला असतो. गिरकीत त्यावर आडवा भार येतो. ल्यूक फील्डवर उजवा गिअर या भाराखाली कोसळला आणि विमान ठिणग्या उडवीत पोटावर घसरत गेले. आग लागली नाही. तिघेही सुखरूप राहिले.

८/ कारणाविषयी तेव्हाच दोन मते झाली. टायर फुटला, असे एअरहार्ट आणि काही प्रत्यक्षदर्शी यांना वाटले. मँट्झ यांच्या मते दोष इंजिनांची शक्ती कमीजास्त करण्याच्या पद्धतीत होता. हा वाद आजही मिटलेला नाही.

९/ परिणाम मात्र स्पष्ट होते. विमान जहाजाने कॅलिफोर्नियातील बरबँकच्या लॉकहीड कारखान्यात गेले. दुरुस्तीत ऋतू बदलला. कॅरिबियन व आफ्रिकेवरील हवामान बिघडण्यापूर्वी तो भाग ओलांडावा, म्हणून दिशा उलटली. आता पूर्वेकडे जायचे ठरले. दरम्यान मॅनिंग मोहिमेतून बाहेर पडले.

१०/ १ जूनला एअरहार्ट व नूनन मायामीहून निघाले. १५ जूनला ते कराचीत उतरले. सिंध प्रांत मुंबई इलाख्यापासून वेगळा होऊन तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. १७ जूनला कलकत्ता. पुढे ब्रह्मदेशात मोसमी पावसाने त्यांना अक्याबला माघारी फिरवले. एका प्रदेशातला पाऊस टाळला, तर दुसरा वाटेत उभा होता.

११/ २९ जूनला विमान लाएला पोहोचले. प्रवासाच्या प्रारंभी, होनोलुलूहून गाठायचे हाउलंड आता अखेरीस आले होते आणि लाएपासून ते सुमारे ४,१०० किलोमीटरवर होते. महिनाभराचा थकवा अंगात, मोर्समध्ये निष्णात माणूस विमानात नाही.

१२/ २ जुलैला हाउलंडजवळ थांबलेल्या ‘इटास्का’ या अमेरिकी जहाजावर एअरहार्ट यांचा आवाज स्पष्ट ऐकू आला. पण दुतर्फी संभाषण जुळले नाही, बिनतारीवरून दिशाही मिळाली नाही. इंधन संपत आल्याचे त्यांनी कळवले. त्यानंतर विमान कोणाला दिसले नाही.

१३/ मॅनिंग सोबत असते तर बेट सापडले असते, असे सिद्ध करता येत नाही. मार्चमध्येही हाउलंड तितकेच लहान होते. पण सर्वांत अवघड टप्प्यासाठी आखलेली तजवीज ल्यूक फील्डवर मोडली आणि पुन्हा तशी उभी राहिली नाही. लॉकहीडच्या कारागिरांनी विमान पूर्ववत केले. मूळ बेत मात्र पूर्ववत झाला नाही.